वरची घडी

माय, तुला वाचता येत नव्हतं. साडीच्या खोक्यावरचा डिझाइनचा नंबर तेवढा तू ओळखायचीस, तोही आकड्यांच्या आकारावरून. त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मी ते वाचून दाखवलं नसतं. तेव्हा आता लिहायला हरकत नाही. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की सुरतमधल्या भेस्तानच्या आपल्या खोलीच्या जागी कुणाचं तरी तीन मजली घर उभं आहे, आणि मी वयाने तुझ्याहून मोठी झाले आहे. पार्लरमध्ये दुपारचं गिऱ्हाईक नसतं. ज्या वहीत बायकांच्या वेळा लिहिते तिच्याच मागच्या पानांवर लिहायला बसले आहे. पंख्याने पानं उडतायत म्हणून वर कंगवा ठेवलाय.

आज सकाळी एक पोरगी आली होती. बावीस-तेवीसची, आडनाव आपल्याच खानदेशातलं, पण बोलत होती हिंदीत. कुठल्याशा ऑफिसात नोकरी लागली आहे, दाराजवळच्या टेबलापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायची. म्हणाली, "आंटी, रोज का मेकअप सिखाओ. रिच लगना चाहिए, पर कुछ लगाया है ऐसा नहीं लगना चाहिए." मला हसू आलं. सगळ्यांना हेच हवं असतं, फक्त इतकं स्वच्छ कुणी बोलत नाही. मी तिला शिकवलं. केस धुतल्यावर तेलाचा एकच थेंब तळव्यावर चोळायचा आणि तो केसांच्या टोकांना लावायचा, मुळांना नाही. क्रीम हनुवटीवर थांबवायचं नाही, मानेवर उतरवायचं, नाहीतर चेहरा एकीचा आणि मान दुसरीची. ओठांवर ओठांचाच रंग, किंचित गडद. झाल्यावर ती आरशात बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, ये तो मैं ही हूँ. बस पैसेवाली." जाताना पाया पडली. ती गेल्यावर मी दार लोटून घेतलं.

हे सगळं मी कतारगामच्या बेनकडे शिकले असं मी लोकांना सांगते. ते खोटं आहे. बेनने मला नंतर शिकवलं. आधी शिकवलं तू, पर्वत पाटियाच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तेव्हा आपल्या दोघींनाही ते कळलं नव्हतं. मी चौदा वर्षांची आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, आणि तू मला तुझ्याबरोबर कामावर नेते आहेस. जमिनीवर लांबच लांब चादर अंथरलेली, तिच्यावर वीस-पंचवीस बायका, आणि मिलमधून छापून आलेल्या साड्यांचे गठ्ठे. कुणी धागे कापतंय, कुणी घड्या घालतंय, कुणी पिशवीत साडी सरकवून वर हसऱ्या बाईच्या फोटोचं कार्ड घालतंय. प्रत्येक गठ्ठ्यात दोन-चार साड्या सेकंड निघायच्या. कुठे रंग फुटलेला, कुठे तेलाचा डाग, कुठे छापा सरकलेला. अशी साडी निघाली की मुकादम ओरडायचा, "मासी, आ जरा जुओ ने!" मग ती साडी तुझ्या मांडीवर यायची. तू ती हातांनीच चाचपून बघायचीस, डाग सापडला की त्याच्यावर अंगठा ठेवायचीस, आणि मग साडी अशी काही फिरवायचीस की चार घड्यांत तो डाग पोटात जायचा आणि वर यायचा कोरा करकरीत पदर. मला तू एवढंच सांगितलंस, "डाग मझार, चेहरा वर." तुझ्या हातची घडी दुकानात उलगडेपर्यंत कुणाला काही कळायचं नाही. शेडमध्ये तुझं नाव होतं या एका गोष्टीसाठी, आणि तुला त्याचा अभिमान होता. मलाही होता.

त्याच सुट्टीत तू मला मारलंस. गल्लीत नुकतं केबल आलं होतं, आणि शेजारच्या काकूंच्या घरी हळदीचा कार्यक्रम होता. मी काकूंच्या मोठ्या मुलीची लालभडक लिपस्टिक लावली, तोंडावर पावडर थापली, केसांना इतक्या पिना टोचल्या की डोकं हलवलं की वाजायचं. तू पोळ्या करत होतीस. वर बघितलंस आणि लाटणं खाली ठेवलंस. "तोंड धोय आधी. तमाशातली दिखी राहिनी." मी म्हटलं, सगळ्या लावतात. तू पाठीत एक धपाटा घातलास, पदराचं टोक माठाच्या पाण्यात बुडवलंस आणि माझं तोंड इतकं खसाखसा पुसलंस की ओठ दोन दिवस चुरचुरत होते. मी रडत बसले. मग तूच चुलीपाशी मला जवळ ओढलंस आणि म्हणालीस, "सस्ती साडी लांबथीन चमकस, पोरी. भारी साडी जोडे उनी म्हणजे समजस. तुले जे लावनं ते लाव. पन लायेल दिखाले नको." आणि तुपाच्या भांड्यात करंगळी बुडवून तू माझ्या सोललेल्या ओठांवर फिरवलीस. ओठ नुसते ओले, गुलाबी दिसायला लागले. हळदीला गेले तर काकूंच्या बहिणीने विचारलं, ही कुणाची गं, चांगल्या घरची दिसते. पुढे मी जे काही शिकले ते त्या तुपाच्या करंगळीतच होतं.

तुला स्वतःला नटण्याची हौस नव्हती. तुला भीती होती. ती कुठून आली तेही मला ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. मी सहा वर्षांची असेन. तापाने फणफणले होते आणि तू शेडमधून तशीच उठून मला ट्रस्टच्या दवाखान्यात घेऊन गेली होतीस, केसांत धाग्यांचा भुगा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. टेबलावरच्या बाईने तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हात केला, "पेली बाजु बेसो." आपण भिंतीशी बसलो. आपल्यामागून आलेल्या इस्त्रीच्या साड्या आत गेल्या, बाहेर आल्या, रिक्षात बसून घरी गेल्या. आपण बसलेल्याच. माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि तू धाग्यांचा एकेक तुकडा केसांतून काढून मुठीत जमा करत होतीस, जणू तेवढं झालं की आपला नंबर लागणार होता. त्या दिवसापासून पुढे तू शेडमधून निघताना रोज तोंड धुवायचीस, केस विंचरायचीस, आणि मगच रस्त्यावर पाऊल टाकायचीस. तुझं म्हणणं ठरलेलं होतं. "दवाखानामा गबाळं गयं ते कोणी इचारत नही." कुणी आजारी पडलं की तू औषधाआधी इस्त्रीची साडी शोधायचीस. बाबा हसायचे. लूमवर बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला तेवढंच हसू पुरायचं.

बारावीला मी नापास झाले आणि कतारगामला एका बेनच्या पार्लरमध्ये लागले. आधी केर काढायचा, टॉवेल धुवायचे, मग हळूहळू हात लावू दिला. तिथे येणाऱ्या बायकांच्या घरी हिऱ्याचे कारखाने होते. त्यांच्याकडे दागिने होते, गाड्या होत्या, तरी रोज सकाळी त्यांना आपण कुणीतरी आहोत असं दिसायचं असायचं. बेन मला म्हणायची, "कोई पूछे के शुं लगाव्युं छे, तो समजवुं के भूल थई." मला पहिल्यांदा ते ऐकून चक्क तुझा आवाज ऐकू आला. मी लवकर शिकले. मला हात होता, आणि तो तुझा होता. पहिल्या दिवाळीला तू मला एक पाकीट शिवून दिलंस, सामान ठेवायला. सेकंडमधल्या एका जांभळ्या साडीच्या पदराचं होतं, आतून अस्तर, वर चेन. "बाजारमाईन आनेल वाटस ना?" असं म्हणून तू स्वतःच खूश झालीस. चेन कधीच बिघडली. पाकीट अजून माझ्याकडे आहे.

सराव करायला मला चेहरा लागायचा, आणि घरात तूच होतीस. रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुला पाटावर बसवायचे. तू कुरकुर करायचीस, "मना म्हातारीनं तोंड काय रंगाडी राहिनी!" पण उठायची नाहीस. डोळे मिटून बसायचीस आणि माझा हात चेहऱ्यावर फिरला की तुझा श्वास संथ व्हायचा. मला वाटतं, तुला आयुष्यात इतका वेळ कुणी हात लावला नव्हता. कधी कधी तू बसल्याबसल्या झोपायचीस. मी तुला किती थकली आहेस असं विचारायला हवं होतं. मी म्हणायचे, माय, हलू नकोस, रेघ वाकडी होईल.

आणि मग तू गोरी व्हायला लागलीस. हे लिहितानाही मला माझ्या तोंडात मारावंसं वाटतं. सावळी होतीस तू, चांगली तांबूस सावळी, आणि वर्षभरात तुझा रंग उतरत गेला. गालांवर एक मऊ फिकटपणा आला, हातांची कातडी पातळ, जवळजवळ चकचकीत दिसायला लागली. गल्लीत बायका तोंड भरून कौतुक करायच्या. शेजारच्या काकू नळावर म्हणाल्या, "गोरी व्हयनी व तुनी माय. काय लावस तिले?" आणि मी, माय, मी लाजून म्हटलं की आमच्या पार्लरचं क्रीम आहे, मीच लावते. काकूंनी त्यांच्या मुलीसाठी ते मागून नेलं. दुसऱ्या कुणी म्हणालं सुरतचं पाणी मानवलं. शेडमधल्या बायका तुला गमतीने शेठाणी म्हणायला लागल्या. तुझे केस मूठमूठ गळत होते, तर मी गंगावन लावून तुझा अंबाडा भरदार केला, कपाळाजवळ विरळ झालेल्या भांगात काळी पावडर बोटाने दाबून बसवली. ते इतकं नीट बसलं की मी बेनला दाखवायला तुला एकदा कतारगामला घेऊन गेले. बेनने तुझ्याभोवती फिरून पाहिलं आणि मला म्हणाली, आता तुला हात धरून शिकवण्यासारखं काही उरलं नाही. त्या रात्री आनंदाच्या भरात मी जेवायचीच विसरले.

तांदूळ निवडता निवडता तू ते कच्चेच खायचीस, सुपातून मूठ मूठ. मी चिडवायचे, माय, शिजवायला तरी ठेव. जिन्याच्या नऊ पायऱ्यांना तू दोनदा थांबायचीस. एकदा विचारलं तर म्हणालीस, "वय व्हयनं." तुला बेचाळीस वर्षंही झाली नव्हती. तुझ्या अंगावरून किती जात होतं ते मला काहीच माहीत नव्हतं. तू आम्ही उठायच्या आत कापडं धुऊन, ती मागच्या दोरीवर साडीच्या आत वाळत घालायचीस, म्हणजे वरून साडीच दिसायची. हे मला नंतर काकूंनी सांगितलं. त्यांना तू बोलली होतीस, आणि त्यांनीही म्हटलं होतं, या वयात असंच असतं, थांबेल आपोआप. दुखणं अंगावर काढायचं हे तुला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

शेवटी शेडमध्ये तुला चक्कर आली. मुकादमाने रिक्षा करून घरी पाठवलं. मी म्हटलं, उद्याच्या उद्या ट्रस्टच्या दवाखान्यात जाऊ. तू एका अटीवर तयार झालीस. "पन मनं तोंड करी दे चांगलं. भिंतजोडे नही बसनार मी आते." मलाही ते बरोबर वाटलं. अगदी बरोबर वाटलं. सकाळी बाबा लूमवर गेल्यावर मी तुला खिडकीखाली बसवलं आणि आजवर शिकले होते ते सगळं तुझ्यावर लावलं. तुझ्या पांढऱ्या पडलेल्या कातडीवर मी तुझाच जुना रंग परत चढवला, दोन क्रीमं मिसळून, मानेपर्यंत, कानाच्या पाळीपर्यंत. गालांवर लाली इतकी हलकी की ती आतून आल्यासारखी. ओठांवर ओठांचा रंग. काजळ. नखं फिकी दिसत होती म्हणून त्यांना फिकट गुलाबी पॉलिश. अंबाडा सैल, मानेवर. साडी सेकंडमधली होती, मोतिया रंगाची, पण तू ती अशी नेसलीस की डाग निऱ्यांत गेला. उठून उभी राहिलीस तेव्हा भिंतीला हात धरलास. मग आरशात बघितलंस. आपण दोघी आरशात एकमेकींकडे बघून हसलो.

दवाखान्यात टेबलावर दुसरी कुणीतरी बाई होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "आवो बेन, बेसो." खुर्ची दाखवली, पंख्याखालची. तू खुर्चीवर बसलीस आणि माझा हात इतका घट्ट धरलास की बांगडी रुतली. भिंतीशी एक बाई बसली होती, केसांत धाग्यांचा भुगा असलेली, मांडीवर लेकरू. आपला नंबर तिच्याआधी लागला. मी तिच्याकडे बघितलं नाही. तू बघितलंस का, ते मला कधी विचारता आलं नाही.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, वाईट नव्हते. काय होतंय विचारलं. तू म्हणालीस धाप लागते, चक्कर येते. त्यांनी विचारलं, पाळी नीट येते का, आणि तू माझ्याकडे एक नजर टाकून म्हणालीस, "हा हा, बराबर." त्यांनी तुझा हात हातात घेतला, नखांवरचं पॉलिश पाहिलं आणि सोडला. अंगठा डोळ्याकडे नेला, काजळाची बारीक रेघ दिसली, आणि बिघडवायचं कशाला असं वाटून असेल, हात मागे घेतला. छातीला नळी लावली. "तबियत तो सरस लागे छे, बेन. थाक छे, बीजुं कई नथी." ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या, आराम करा म्हणाले, महिन्याने या. तू दारातून मागे वळून त्यांना नमस्कार केलास.

परतताना तू उसाचा रस प्यायलीस. गाड्यापाशी बाकावर बसून, पदर सावरून, दोन्ही हातांत ग्लास धरून. मी तुला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं होतं. "त्यासनी माले बेन म्हनं. आयकं का तू? बेसो म्हनं." रिक्षात तू ते आणखी चार वेळा म्हणालीस. संध्याकाळी बाबांना सांगितलंस, काकूंना सांगितलंस. आजार नाही याच्यापेक्षा खुर्ची मिळाली याचा तुला जास्त आनंद झाला होता. त्या दिवशी तू तोंड धुतलंच नाहीस. तशीच झोपलीस, उशीला रंग लागला.

तिसऱ्या आठवड्यात तू शेडमध्ये पडलीस, साडी मांडीवर असताना. दुपारची वेळ. बायकांनी उचलून हातगाडीवर घातलं आणि जवळच्या दुसऱ्या दवाखान्यात नेलं. मी कतारगामहून पोचले तेव्हा तू खाटेवर होतीस, तोंडावर काहीच नव्हतं, कामाचा दिवस होता ना. तिथल्या नर्सने तुझी पापणी खाली ओढली आणि माझ्यावर ओरडली, "इतने दिन क्या कर रहे थे? शरीर में खून तो है ही नहीं!" बाबा रक्त आणायला धावले होते. ते बाटली घेऊन जिना चढत होते तेव्हा तू गेलीस. बाटली तशीच त्यांच्या हातात राहिली. ती कुणाला परत द्यायची हेही त्यांना कळत नव्हतं.

घरी आणल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, मळवट. काकू मला म्हणाल्या, "तू कर व तिनं तोंड. तुना हात शे ना." मी ते जांभळं पाकीट आणलं, चेन उघडली आणि हातात ब्रश घेऊन तुझ्याजवळ बसले. तुझे ओठ राखेच्या रंगाचे होते. एका बोटाने त्यांना रंग चढला असता. बाबा दारात उभे होते, ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तसंच ऱ्हाऊ दे तिनं तोंड." त्यांना काही माहीत होतं म्हणून म्हणाले की नुसतंच म्हणाले, मला माहीत नाही. मी कुंकू तेवढं लावलं. आम्ही तुला तशीच नेलं, फिकी, आणि वाटेत एक म्हातारी म्हणाली, काय तेज आहे बाईच्या चेहऱ्यावर, कशी गोरीपान दिसतेय.

वाटलं होतं, हे काम सोडून देईन. महिनाभर गेले नाही, मग गेले. पोट होतं, बाबा होते, आणि मला दुसरं काही येतच नव्हतं. आता पार्लर माझं आहे. दिवसाला चार-पाच चेहरे होतात. कुणाला रात्रभर जागरण, कुणाला गालावर बोटं उमटलेली, कुणी नुसतीच खंगलेली. सगळ्यांना मी पैसेवाली करून रस्त्यावर सोडते. सुरुवातीला काही वर्षं मी प्रत्येकीला म्हणायचे, डॉक्टरला दाखवून ये. हसून सोडून द्यायच्या. एकीला राग आला, ती परत आली नाही. मग मीही म्हणायचं सोडलं. आजच्या त्या पोरीचेही डोळे थकलेले होते. मी तिला काही विचारलं नाही. ती इतकी छान दिसत होती.

लोक मला म्हणतात, तुझं वय तेव्हा काय होतं, तुला काय कळणार. बाबा जाईपर्यंत हेच म्हणत राहिले. डॉक्टरला कळलं नाही तर पोरीला कसं कळेल, असं ते पाहुण्यांना माझ्यादेखत सांगायचे, आणि मी खाली मान घालून चहा ओतायचे. त्यांचं म्हणणं मी कधी खोडलं नाही. तुलाही हे पोचणार नाही. लिहून झालं की ही पानं फाडून तुझ्या जांभळ्या पाकिटात ठेवणार आहे, अस्तराच्या आत, जिथे तू शिवताना त्या साडीचा डाग घातला होतास. तो मला सापडला आहे, तू गेल्यावर. हाताएवढा होता.

माय, त्या सकाळी काजळ घालताना मी तुझी खालची पापणी बोटाने ओढली होती. दिवसाला दहा बायकांच्या ओढायचे मी, आत लाल असतं हे मला पाठ होतं. तुझं आत पांढरं होतं, धुतलेल्या तांदळासारखं. मला दिसलं. मी क्षणभर थांबून बघितलंसुद्धा. आणि मनात आलं ते एवढंच, की पांढऱ्यावर काजळ किती सुरेख उठतं.